मदत हवी आहे : शासकीय रुग्णालयातील औषधखिडकीवरील प्रतीक्षा

माझ्या ६८ वर्षांच्या आईवर मधुमेह आणि उच्च रक्तदाबासाठी जळगाव जिल्ह्यातील एका शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात उपचार सुरू आहेत. तपासणी अकरापर्यंत आटोपते. मात्र त्यानंतर औषधखिडकीवर दोन-अडीच तास थांबावे लागते आणि यावल तालुक्यातील आमच्या गावाची दुपारची एसटी चुकली, की पुढची थेट संध्याकाळी मिळते. गुडघेदुखीमुळे तिला फार वेळ उभे राहता येत नाही, त्यात मे महिन्याचे ऊन.

केसपेपर सकाळी आठलाच काढून पाहिला. परंतु सर्वच विभागांचे रुग्ण तपासणीनंतर एकदम खिडकीवर येत असल्याने फरक पडला नाही. औषधनिर्माते एकटेच असतात आणि सौजन्याने वागतात, त्यामुळे तक्रार करण्याचा हेतू नाही. दरमहा बाहेरून औषधे घेणे आम्हांला परवडणारे नाही.

मेटफॉर्मिन आणि अ‍ॅम्लोडिपिन या तिच्या गोळ्या सहा महिन्यांत बदललेल्या नाहीत. रुग्णालयाच्या चिठ्ठीवर याच गोळ्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून ३० दिवसांच्या मिळवण्यासाठी डॉक्टरांकडून नेमके काय लिहून घ्यावे? आणि ते शक्य नसल्यास, आईला न नेता केवळ केसपेपर दाखवून मला तिची औषधे घेता येतील का?