नुसत्या 'कंपोस्टेबल' शिक्क्याने भागणार नाही

खाद्यपदार्थांसाठी प्लास्टिकऐवजी कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणारी, पाकिटं सक्तीची करावीत, अशी सूचना केली जाते; ती मला अपुरी वाटते. या शिक्क्यामागे ईएन १३४३२ या युरोपीय मानकासारखं मानक असतं. त्यात ६ महिन्यांत ९० टक्के जैवविघटन व्हायला हवं, पण ते साधारण ५८ अंश सेल्सिअसला, म्हणजे औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पात असतं तशा उष्णतेत. असे प्रकल्पच नसलेल्या देशात तेच पीएलएचं (मका, ऊस अशा पिकांपासून बनणाऱ्या प्लास्टिकचं) पाकीट उघड्या कचरा डेपोवर किंवा नाल्यात वर्षानुवर्षं पडून राहतं. शिवाय ते पीईटीच्या (पाण्याच्या बाटल्यांच्या नेहमीच्या प्लास्टिकच्या) बाटल्यांत मिसळलं की चांगला चाललेला पुनर्वापरही बिघडतो, आणि त्याचा फटका कचरा वेचणाऱ्यांना बसतो. मानक ठरवताना त्यांना कोणी विचारतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून आधी स्थानिक पातळीवर खरोखर काय गोळा होतं, काय विकलं जातं ते पाहावं आणि त्यानुसार मानक लिहावं. वेगवेगळ्या साहित्याचे थर चिकटवलेल्या बहुस्तरीय पाकिटांऐवजी शक्य तिथे एकाच प्रकारच्या प्लास्टिकची पाकिटं हा मला जास्त व्यवहार्य मार्ग वाटतो. अर्थात, शीतसाखळी (माल सतत थंड ठेवून पोचवण्याची सोय) कच्ची असेल तिथे ओलावा आणि हवा अडवणारा थर काढला तर अन्नच नासेल, तेव्हा सरसकट बंदी नको.

आणखी एक, छोट्या उत्पादकाला प्रयोगशाळेचा खर्च झेपत नाही. चाचणीची जबाबदारी कच्चा माल बनवणाऱ्यावर टाकावी आणि मंजूर साहित्याची यादी सरकारने जाहीर करावी. तेलरोधक कागदातल्या पीएफएएस (तेल-पाणी अडवणाऱ्या, पण निसर्गात सहजी न विघटणाऱ्या) रसायनांवरची मर्यादाही त्याच यादीत हवी.