खाडी बुजवून विकास करायचा, मग पाणी कुणाच्या घरात जाणार?

खाडीकाठचा (बेलापूर):
काल नवी मुंबई विमानतळाच्या धाग्यावर एकाने लिहिलं, "अमेरिका-युरोपने दीडशे वर्षं धूर ओकला, आता आमची पाळी, गरीब देशाला खारफुटीचे लाड परवडत नाहीत." त्यावर धडाधड लाइक पडले, ते बघून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

धुराचा हिशोब मला मान्य आहे. अमेरिकेतला माणूस आपल्या सहा-सात पट कार्बन सोडतो, त्यांनी आधी कमी करावं आणि वर पैसेही मोजावेत. पण उलव्याची टेकडी सुरुंग लावून उतरवली, नदी वळवली, ११६० हेक्टरवर विमानतळ आणला, १० गावं उठवली, हे काही वॉशिंग्टनवाल्यांनी नाही केलं. गरीब देश आहोत म्हणूनच जास्त जपायला पाहिजे, कारण एकदा बुडालो तर पुन्हा उभं राहायला पैसा कुठून आणणार? जकार्तात जमिनीखालचं पाणी उपसून उपसून शहर खचलं, २०१९ ला सरकारने राजधानीच दुसऱ्या बेटावर न्यायचं जाहीर केलं. सरकार जाईल हो, वस्तीतली माणसं कुठे जाणार?

घोडबंदरवाला:
साहेब, बेलापूरला राहून हे लिहिताय? १९७० ला नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली नसती तर तुमच्या नोडच्या, म्हणजे वसाहतीच्या, जागी आज चिखल असता. तुम्ही घर घेतलं, पार्किंग घेतलं, आता मागून येणाऱ्यांना दार बंद. मी रोज घोडबंदर रोडवर सडतो, मला तो ठाण्याहून बोरिवलीला जाणारा बोगदा हवाय, तर नॅशनल पार्कच्या खालून जातो म्हणून तुम्ही लोक बोंबलता. बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ दलदलीवरच बांधलाय, २००६ पासून चालू आहे, बुडाला का? माझा मेव्हणा गावी परत जायच्या बेतात होता, त्याला विमानतळावर कार्गोत नोकरी लागलीय. त्याच्या बायकोला फोन करून सांगा, खाडीतले फ्लेमिंगो जास्त महत्त्वाचे आहेत म्हणून.

खाडीकाठचा (बेलापूर):
सुवर्णभूमीला चारी बाजूंनी बांध आहे, पंप आहेत, म्हणून तो कोरडा. बांधाच्या बाहेर राहणाऱ्यांचं काय? इथे विमानतळासाठी भराव पडल्यावर शेजारच्या डुंगी-पारगावात पावसाचं पाणी शिरायला लागलं. मेव्हण्याला नोकरी लागली याचा मला खरंच आनंद आहे, पण एकाच्या नोकरीसाठी दुसऱ्याच्या घरात पाणी, हा हिशोब मी नाही मांडणार.

दिवाळे गाववाला:
तुमच्या दोघांच्या भांडणात आम्ही कुठेच नाही. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ ला शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनात उरण-जासईकडे गोळीबारात पाच जण गेले, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के प्लॉट काही कोणी प्रेमाने नाही दिले. कुटुंब वाढलं म्हणून बांधलेली आमची गरजेपोटीची घरं अनधिकृत आणि खाडीला चिकटून टॉवर अधिकृत. आणि जमीन गेली त्याला निदान प्लॉट तरी मागता आला, पाणी गेलं त्याने काय दाखवायचं, खाडीचा सातबारा असतो का? बाबा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन जायचे तर टोपलीत निवट्या, चिंबोऱ्या, नशीब असेल तर जिताडा. आता पाग ओढला की काळा गाळ, त्यात गुटख्याच्या पुड्या आणि डेब्रिजमधून आलेले टाइल्सचे तुकडे, हात कापतात. २०२२ ला ठाणे खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, फोटो काढायला सगळे आले, आम्हाला कोणी विचारलं नाही.

वाशी सेक्टरवाली:
विमानतळ, बँकॉक सगळं राहू दे, होल्डिंग पाँडबद्दल कोणी बोलणार आहे का? आमचे सेक्टर भरतीच्या पातळीखाली आहेत म्हणून तर ते तलाव बांधले, भरतीला दारं बंद, पाऊस तलावात, ओहोटीला बाहेर. आता तलावात गाळ भरलाय, त्यात खारफुटी उगवलीय आणि हात लावायचा नाही. उधाण आणि मुसळधार पाऊस एकत्र आला की आमच्या तळमजल्यावर पाणी दारातून नाही येत, मोरीच्या जाळीतून बुडबुडे काढत वर येतं, आधी झुरळं, मग वास, मग पाणी. सासूबाईंना पलंगावर बसवून गॅसचा सिलेंडर ओट्यावर चढवलाय मी. ही झाडं आम्हाला वाचवतात म्हणे!

खाडीकाठचा (बेलापूर):
ताई, कोर्टाचा आदेश उगाच नाही आलेला. २००५ ला हायकोर्टाने राज्यभर खारफुटी तोडायला आणि ५० मीटरच्या आत बांधकामाला बंदी घातली, २०१८ ला ती कायम केली, कारण रात्रीत डंपर रिकामे होत होते. आज गाळ काढायला सूट द्या, उद्या त्याच नावाखाली तलावाच्या काठावर प्लॉट पडतील.

वाशी सेक्टरवाली:
उद्या काय होईल ते मला सांगू नका, माझ्या घरात आज पाणी येतं. तलाव माणसाने खोदलाय, तो जंगल कधीपासून झाला? तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?

घोडबंदरवाला:
हेच म्हणत होतो मी. निसर्गप्रेम सातव्या मजल्यावरून सोपं असतं.

वाशी सेक्टरवाली:
तुम्ही मध्ये पडू नका. तुम्हाला हवेत तसले भराव टाकूनच खाडी उथळ झाली आणि तलावाचं पाणी ओहोटीलाही पुरतं जाईना. मी झाडांच्या बाजूने नाही याचा अर्थ तुमच्या बाजूने आहे असं नाही.

दिवाळे गाववाला:
ताई बरोबर बोलतायत. आमच्याकडे जुन्या खारबांधाच्या उघाड्या, म्हणजे पाणी सोडायची दारं, गाववाले मिळून साफ करायचे, दरवर्षी, पावसाच्या आधी. तलाव बांधून सोडून दिला तर तो भरणारच, त्यात झाडाचा काय दोष?

खाडीकाठचा (बेलापूर):
बरं. बांधलेल्या तलावातला गाळ कोर्टाची परवानगी घेऊन काढा, तेवढ्यापुरता माझा विरोध नाही. पण तलावाची हद्द आधी मोजा, कागदावर आणा, आणि बाहेरच्या खाजणातल्या, खाडीकाठच्या दलदलीतल्या, एका झाडाला हात नको.

घोडबंदरवाला:
एवढं तरी मानलंत. बोगद्याबद्दल मात्र मी मागे हटणार नाही.

वाशी सेक्टरवाली:
परवानगी दिवाळीत मिळून उपयोग नाही, मे संपायच्या आत गाळ निघाला पाहिजे.

दिवाळे गाववाला:
आणि निघाला की टाकणार कुठे ते आत्ताच लिहून घ्या. मागच्या खेपेला आमच्या जेट्टीजवळ आणून ओतला होता, होड्या ओहोटीला चिखलात रुतून बसल्या.