इंधन संपून रस्त्यावर उतरलेल्या वैमानिकाचं कौतुक करावं का?

दक्षिणवारा

छोट्या खासगी विमानाचं इंजिन बंद पडलं आणि वैमानिकाने ते भर महामार्गावर सुखरूप उतरवलं, अशी चित्रफीत अधूनमधून सगळीकडे फिरते. खाली कौतुकाचा पाऊस असतो. काही महिन्यांनी चौकशीचा अहवाल येतो, त्यात टाक्या कोरड्या होत्या असं निघतं, आणि तो अहवाल कोणी वाचत नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. हवामान अचानक फिरू शकतं, इंजिनाचा एखादा भाग तुटू शकतो. पण इंधन काही अचानक संपत नाही. टाकीत किती लिटर आहे, तासाला किती जळतं, वारा समोरून आहे का, हे सगळं उड्डाणाआधी कळतं. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात-तपास संस्थेने २०१७ मध्ये इंधनाबद्दल सावधगिरीची सूचना काढली. छोट्या विमानांचे वर्षाला सरासरी ५० हून अधिक अपघात इंधनाच्या व्यवस्थापनामुळे होतात, असं तिच्यात म्हटलं होतं. त्यातल्या ९५ टक्क्यांत माणसाच्या चुकीचा हात होता. आणि चुकणारे नवशिके नव्हते. जवळपास निम्म्यांकडे व्यावसायिक किंवा त्याहून वरचा परवाना होता, शिकाऊ वैमानिक जेमतेम दोन टक्के होते.

मग शेवटच्या दोन मिनिटांतल्या कौशल्यासाठी टाळ्या कशाला? त्याआधीच्या दोन तासांचा हिशेब कोण मागणार?

भिंगरी

मी स्वतः उडवते, आणि हा धागा वाचून अस्वस्थ झाले. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत टाकल्या आहेत. विमानातलं इंधनच संपणं ही एक, आणि इंधन असूनही ते इंजिनापर्यंत न पोचणं ही दुसरी. टाकीत पाणी शिरलेलं असतं, इंधनाच्या नळीत वाफ धरते, कधी सिलेक्टर, म्हणजे कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी मूठ, चुकीच्या टाकीवर राहतो.

वरच्या पंखांच्या सेस्ना १७२ या छोट्या विमानात सिलेक्टरला 'दोन्ही' अशी जागा असते. खालच्या पंखांच्या पायपर चेरोकीत ती नसते. डावी किंवा उजवी, एकच. म्हणजे दर अर्ध्या तासाने आठवणीने बदलायचं. एकदा रेडिओवर बोलण्याच्या नादात मी विसरले. साडेतीन हजार फुटांवर इंजिन खोकलं आणि गप्प झालं. टाकी बदलली, पंप लावला, आणि ते पुन्हा पेटेपर्यंतचे काही सेकंद मला आजही जसेच्या तसे आठवतात. उजव्या टाकीत दीड तासाचं इंधन होतं! हेच आठशे फुटांवर झालं असतं तर मीही रस्त्यावर दिसले असते, आणि तुम्ही मला हिशेब विचारत बसला असतात.

गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या उपसागरात विमान पडून गेला. त्याच्या लाँग-ईझी विमानात सिलेक्टरची मूठ डाव्या खांद्यामागे होती. हात पोचवायला पूर्ण वळावं लागे. ती तिथे बसवली होती विमान बांधणाऱ्याने.

दक्षिणवारा

भिंगरी, फरक मान्य. पण त्याच सूचनेत आकडेही आहेत: इंधनाच्या अपघातांपैकी ५६ टक्क्यांत ते पूर्ण संपलं होतं, ३५ टक्क्यांत असूनही पोचलं नव्हतं. मोठा वाटा माझ्या मुद्द्याचाच आहे.

आणि डेन्व्हरचा अहवाल तुम्ही अर्धाच सांगितलात. सिलेक्टरची जागा हे एक कारण होतंच. पण निघण्यापूर्वी त्याला इंधन भरून देऊ का असं विचारलं गेलं होतं आणि त्याने नको म्हटलं. ते न भरणं हेही तपासकांनी अपघाताचं कारण म्हणून नोंदवलं.

रातवा

मी वैमानिक नाही. मी रोज महामार्गावर गाडी चालवतो, आणि या चर्चेत माझ्यासारख्याचं नाव कुठेच आलेलं नाही.

विमानात बसलेल्याने काही धोका पत्करलेला असतो. खालच्या गाडीत मागच्या सीटवर झोपलेल्या मुलाने काय पत्करलंय? २०१० मध्ये साउथ कॅरोलायनातल्या हिल्टन हेड बेटावर एक छोटं विमान किनाऱ्यावर उतरलं. तिथे कारण इंधन नव्हतं. तेल गळलं होतं, प्रोपेलर गळून पडला होता. काचेवर तेल पसरल्यामुळे वैमानिकाला समोरचं दिसत नव्हतं. वाळूत धावणारा एक माणूस जागीच गेला. विमानातले दोघे वाचले. इंजिन बंद असलेलं विमान मागून येताना आवाजही करत नाही, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

शेत, माळ, नदीपात्र, काहीही शोधा. पण माणसं असलेला रस्ता नको.

कापशी

रातवा, तुमची भीती खरी आहे. पण 'काहीही शोधा' म्हणायला वेळ किती असतो ते पाहा. सेस्ना १७२ इंजिनाशिवाय, वारा नसेल तर, एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जाते. म्हणजे हजार फुटांवरून पावणेतीन किलोमीटर, आणि हातात जेमतेम दीड मिनिट. खाली घनदाट जंगल असेल किंवा रात्र असेल, तर रस्ता हीच एक सपाट पट्टी दिसते. गाड्यांच्याच दिशेने उतरलं तर विमानाचा वेग आणि वाहतुकीचा वेग फार वेगळा नसतो. उतरताना तो ताशी नव्वद-शंभर किलोमीटरच्या आसपास असतो.

तरीही विद्यार्थ्यांना मी रस्ता पहिला निवडू देत नाही. वरून तो स्वच्छ दिसतो, हीच फसगत आहे. विजेच्या तारा वरून दिसतच नाहीत. दिसतात ते खांब, आणि ऊन तिरकं असेल तर त्यांच्या सावल्या. दिशाफलक, पूल, दुभाजक खाली आल्यावरच लक्षात येतात. या विमानाचे पंख ११ मीटर, म्हणजे तीन मार्गिका व्यापणार. कापणी झालेलं मोठं शेत मिळालं तर तेच बरं. नांगरलेलं असेल तर नांगराच्या ओळींच्या दिशेने उतरायचं, आडवं गेलं तर पुढचं चाक रुतून विमान उलटतं. पण तिथे मोडलं तर विमान मोडेल. विमा आहे, मोडू द्या.

भिंगरी

कापशींशी सहमत. दक्षिणवारा, तुमच्याशी नाही, आणि आता खरं कारण सांगते. इंधन संपलेल्याची छी-थू केली की पुढचा वैमानिक कमी इंधन भरणार नाही असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं तो गप्प बसेल.

रेडिओवर यासाठी ठरलेले शब्द आहेत. 'मिनिमम फ्युएल' म्हणजे आता आणखी उशीर झाला तर राखीव साठ्याला हात लागेल. 'मेडे फ्युएल' म्हणजे तो लागणारच आहे. हे उच्चारायला जीभ रेटत नाही, कारण उच्चारलं की चूक सगळ्यांसमोर कबूल होते. मग मनात सुरू होतं, आणखी दहा मिनिटं, पोचतोच की. त्या दहा मिनिटांत वाटेतली बरी धावपट्टी मागे पडते.

दक्षिणवारा

हे मला पटतंय, आणि छी-थू हा शब्द माझा नव्हता. मी शिक्षा मागत नाही, मी टाळ्यांची जागा बदला म्हणतोय. इंजिन चालू असताना, अर्ध्या तासाचं इंधन शिल्लक असताना, मुक्कामाच्या चाळीस किलोमीटर आधी एखाद्या ओसाड धावपट्टीवर उतरून जो इंधनाची वाट पाहत बसतो, त्याची चित्रफीत कोणी काढत नाही. अमेरिकेत दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटांचं राखीव इंधन ठेवून निघावं लागतं. तो किमान आकडा आहे, पण लोक त्यालाच पुरेसं समजतात.

रातवा

अशा माणसाचं कौतुक मीही करेन. रस्त्याबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे. जंगल आणि रात्र हे अपवाद झाले. चित्रफितींत मला बहुतेक वेळा भर दिवस आणि दोन्ही बाजूंना शेतं दिसतात.

टिटवी

मी सध्या शिकतेय, सोळा तास झालेत. एक साधा प्रश्न. काटा अर्धी टाकी दाखवत असेल तर त्यावर किती विश्वास ठेवायचा? आमच्या विमानात दोन काटे दोन गोष्टी सांगतात.

कापशी

टिटवी, काट्यावर एवढाच विश्वास ठेवा की तो कमी दाखवत असेल तर ते खरं धरायचं. जास्त दाखवत असेल तर नाही. टाकीत तरंगता गोळा असतो, विमान कललं की तोही हलतो. टाकीचं झाकण स्वतः उघडा, मोजपट्टी आत सोडा, ओली खूण बघा. तळाची तोटी उघडून थोडं इंधन पेल्यात घ्या. पाणी जड असतं, ते खाली बसलेलं दिसतं. १००एलएल, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, निळसर असतं, निळं दिसलं नाही तर थांबा. आणि टाकीतलं सगळं इंधन तुमचं नसतं. १७२ च्या नव्या विमानांत २१२ लिटरपैकी सुमारे ११ लिटर वापरताच येत नाही. मग इंजिन सुरू केल्याची वेळ गुडघ्यावरच्या कागदावर लिहा, आणि हवेत काट्याऐवजी घड्याळ बघा.

दोन काटे दोन गोष्टी सांगतात म्हणालात, ते उद्याच तुमच्या प्रशिक्षकांना दाखवा आणि विमानाच्या नोंदवहीत लिहायला लावा. त्याआधी उडू नका.