पगारी, बिनपगारी आणि लष्करी

आग विझवणारे म्हणजे सगळीकडे सरकारी पगारी लोकच असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं अजिबात नाहीये. चिलीतले बोम्बेरोस, म्हणजे तिथले आग विझवणारे, बघा, १८५१ ला वालपराईसोत पहिली तुकडी निघाली आणि आजही आगीवर जाणारे बिनपगारी, वर आपल्याच खिशातून वर्गणी भरतात! दिवसा कोणी वकील, कोणी इलेक्ट्रिशियन, कॉल आला की हातातलं काम टाकून पळायचं. जर्मनीतही छोट्या गावांत असंच, पगारी दलं मुख्यतः मोठ्या शहरांत.

फ्रान्सची तऱ्हा तर वेगळीच. पॅरिसमधे हे काम लष्कराकडे आणि मार्सेयमधे चक्क नौदलाकडे. १८१० ला ऑस्ट्रियाच्या राजदूताकडे पार्टीत आग लागली, नेपोलियन स्वतः तिथे हजर, अग्निशमन दलाचा गोंधळ त्याने डोळ्यांनी पाहिला, मग काय, १८११ ला थेट सैनिकी बटालियनच उभी केली (सम्राटाची पार्टी जळली म्हणून हललं, नाहीतर बसले असते अर्ज करत).

आणि जुन्या एडोत, म्हणजे आत्ताच्या टोकियोत, पाणी मारण्यापेक्षा आजूबाजूची लाकडी घरंच हूकांनी ओढून पाडायचे, आगीला पुढे सरकायला काही उरूच नये म्हणून, त्यामुळे या कामाला बांधकामावरचेच गडी लागायचे.