मदत हवी आहे: 'हेमिपॅरेसिस' म्हणजे अर्धांगवायूच ना?

आप्पांना (वय ७१) मागच्या महिन्यात स्ट्रोक आला. आता घरी आहेत. डिस्चार्ज कार्डावर 'लेफ्ट हेमिपॅरेसिस, पॉवर ४/५' असं लिहिलंय. दवाखान्यात तेव्हा विचारायचं सुचलंच नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण "लकवा मारला का हो?" म्हणतो आणि आप्पांचं तोंड उतरतं. कारण हात हलतोय की त्यांचा! डावा हात डोक्यापर्यंत नेतात, पण शर्टाची गुंडी लागत नाही आणि चालताना डाव्या पायातली चप्पल मागेच राहते.

त्यात भावाला नेटवर एका जुन्या इंग्रजी पुस्तकात 'पॅरेसिस' म्हणजे वेड असं सापडलं. तेव्हापासून आईची झोप उडालीय. या शब्दाचा नेमका अर्थ काय? आणि आला कुठून?

प्रतिसाद १
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. हेमि म्हणजे अर्धं, पॅरेसिस म्हणजे अशक्तपणा. ताकद कमी झालीय, संपलेली नाही. पार संपली असती तर 'हेमिप्लेजिया' लिहिलं असतं. पॉवर ० ते ५ अशी मोजतात. ३ म्हणजे हात स्वतःच्या वजनासकट उचलता येतो. ४ म्हणजे आम्ही वरून दाबलं तरी थोडा टिकतो. मोठे स्नायू आधी सुधारतात, बोटांचं बारीक काम बहुधा मागून येतं, म्हणून गुंडी अडते. घरात चप्पल मागून पट्टा असलेली द्या, नाहीतर पडतील.

प्रतिसाद २
शब्दाचं मी सांगतो. मूळ ग्रीक 'पारेसिस', म्हणजे सैल सोडणं, ढिलं पडणं. प्लेजियातला 'प्लेगे' मात्र फटका, आघात. गंमत बघा, आपला 'पक्षाघात' तोच: पक्ष म्हणजे बाजू, तिच्यावर आघात. अर्धांगवायूतला वायू आयुर्वेदातल्या वाताचा. आणि 'लकवा' अरबीतून आलाय, तिथे तो मुळात तोंड वाकडं होण्याचा आजार. ढिलं पडण्याला वेगळा शब्द मराठी बोलण्यात रुळलाच नाही, म्हणून पाहुणे सगळ्यालाच लकवा म्हणतात.

आईंना सांगा, ते वेडाचं प्रकरण वेगळंच. उपदंश (सिफिलिस हा गुप्तरोग) मेंदूपर्यंत पोचला की वेड लागून अंग लुळं पडायचं, त्याला 'जनरल पॅरेसिस' म्हणत आणि बोलताना नुसतंच 'पॅरेसिस'. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवले. पेनिसिलिन आल्यापासून तो आजार फारसा दिसत नाही. आप्पांच्या कार्डाशी त्याचा काही संबंध नाही.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. आईला वाचून दाखवलं. आप्पा म्हणाले, "म्हणजे मी ढिला पडलोय, एवढंच ना?" पट्ट्याची चप्पल आणायला भाऊ गेलाय. गुंडीसाठी घरी करण्यासारखा काही व्यायाम आहे का?

प्रतिसाद १
कपडे वाळत घालायचे चिमटे द्या. डाव्या हाताने डब्याच्या कडेला लावायचे आणि काढायचे. थकले की थांबायचं. बाकीचं तुमच्या फिजिओला हात प्रत्यक्ष बघून ठरवू दे.