मदत हवी आहे: जर्मन नवरा, नाव नसलेला जन्मदाखला आणि तिकडचं बँक खातं

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये लग्न झालं. पुण्यात, स्पेशल मॅरेज ॲक्टखाली, ३० दिवस नोटीस लावून. नवरा जर्मन आहे, तो लाइपझिगला परत गेलाय. मी मॅक्सम्युलर भवनातून जर्मन भाषेची ए-वन (पहिली पातळी) पास झाले. आता स्पाउस व्हिसाची फाइल मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटसाठी लावतेय, आणि सगळं नावापाशी अडलंय.

माझ्या पासपोर्टात 'गिव्हन नेम'मध्ये माझं नाव अधिक बाबांचं नाव, मग आडनाव. लग्नाच्या दाखल्यावरही तसंच. जन्मदाखल्यावर मात्र नावच नाही! आई बाळंतपणाला सांगलीला माहेरी गेली होती, बारशाच्या आधीच नोंद झाली. तिथे नुसतं 'स्त्री'. आजवर शाळेच्या दाखल्यावर भागलं, पासपोर्टही त्यावरच निघाला. नवरा म्हणतो, आमच्याकडच्या माणसाला ही दोन वेगळी माणसं वाटतील.

एक एजंट म्हणतोय, आहे तसाच दाखला द्या, मंत्रालय आणि दिल्ली करून अपॉस्टिल (परदेशात कागद खरा मानावा म्हणून मारतात तो शिक्का) मारून आणतो. पैसे भरपूर सांगतोय. करू का?

दुसरं, बँक. नवऱ्याचं म्हणणं, माझ्याच खात्याला तुझं नाव जोडू. मला स्वतःचं खातं हवंय. नऊ वर्षं नोकरी केली, आता भाजी आणायला पैसे मागायचे का? (तो चांगला आहे हो, प्रश्न तो नाहीच.) त्याने तिथल्या एका बँकेत विचारलं तर म्हणे आधी रेसिडन्स कार्ड आणा. कार्डाची अपॉइंटमेंट कधी मिळेल ते कोणी सांगत नाही. मग पगार कुठे घ्यायचा? आणि इकडच्या बचत खात्याचं काय?

प्रतिसाद

अपॉस्टिलवर एक रुपया घालवू नका. भारत अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, पण भारताच्या बाबतीत जर्मनीने हरकत घेतलेली आहे, त्यामुळे आपला शिक्का तिथे चालत नाही. शंका आली तर ते स्वतःच कागदांची पडताळणी करून घेतात, त्याला महिने लागतात. म्हणून शंका येऊच नये हे बघायचं. जिथे नोंद झाली त्या जन्म-मृत्यू विभागात शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जा आणि नाव घालून घ्या. कायद्यात १५ वर्षांची अट आहे, पण जुन्या नोंदींसाठी मधूनमधून मुदत वाढवून देतात. आधी कोणाला तरी विचारायला पाठवा. आणि सासरचं आडनाव आत्ता मुळीच लावू नका. पासपोर्टावर आहे तेच सगळीकडे राहू दे.

जर्मन नागरिकाच्या बायकोला या व्हिसाची फी नाही, कोणी मागितली तर सावध.

प्रतिसाद

ताई, खात्याचं मी सांगते, याच चक्रातून गेलेय. तिथे गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, तिला आनमेल्डुंग म्हणतात. तो कागद, पासपोर्ट आणि त्यातला व्हिसा घेऊन शाखेत जा, ऑनलाइनच्या नादी लागू नका. तरी नाही म्हणाले तर 'बाझिसकोंटो'चा, म्हणजे साध्या प्राथमिक खात्याचा, अर्ज मागा. २०१६ पासून तो कायद्याने हक्क आहे, पूर्ण अर्ज दिल्यावर १० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फक्त आधीच तिथे चालू खातं असेल तर नाकारू शकतात. म्हणून नवऱ्याच्या खात्यात घाईने नाव घालू नका, आधी स्वतःचं उघडा. नोकरीलाही वेगळी परवानगी लागत नाही.

इकडचं बचत खातं तिकडे राहायला गेल्यावर एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं. जाण्याआधीच शाखेत बोलून ठेवा, ओटीपीचा नंबरही चालू राहील असं बघा. माझा बंद पडला होता, फार रडले.

आणि एक तयारी ठेवा, तिकडे बाबांचं नाव तुमचंच दुसरं नाव समजतात. माझ्या बँक कार्डावर माझं नाव कापून बसवलंय, वडिलांचं पूर्ण आहे.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. एजंटाला नाही कळवलं. मामाने सांगलीत चौकशी केली, अर्ज घेतायत म्हणे, पण शाळेचा मूळ दाखला लागेल. बाबा उद्या सकाळच्या एसटीने निघतायत. बँक कार्डावरच्या नावाचं ऐकल्यापासून खुशीत आहेत.