मदत हवी आहे: पाच अक्षरी इंग्रजी शब्द, पण अडकलोय पहिल्याच अक्षरावर

वर्डलमध्ये (सहा प्रयत्नांत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ; अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवं, शब्दात पण दुसऱ्या जागी असेल तर पिवळं दिसतं) सारखा एकाच खड्ड्यात पडतोय. तिसऱ्या प्रयत्नातच शेवटची चार अक्षरं हिरवी होतात: आय, जी, एच, टी. वाटतं, जिंकलोच! मग लाईट, नाईट, फाईट, माईट, राईट, साईट, टाईट असं एकेक करत सहाही प्रयत्न संपतात. वर आणखी एट आहेच. म्हणजे आठ शब्द आणि हातात तीन प्रयत्न.

एक युक्ती सापडली. उत्तर नसणारच असा शब्द मुद्दाम टाकायचा, ‘फिल्म्स’. त्यात एफ, एल, एम, एस ही चार अक्षरं एका फटक्यात तपासून होतात. (टी मधल्या जागी टाकून उपयोग नाही, तो शेवटी आहेच, त्यामुळे काहीही झालं तरी पिवळाच दिसतो; पहिल्या जागी टाकला तरच कळतं.)

तर प्रश्न असा: एफ, एल, एम, एन, आर, एस, ई यांतली पाच अक्षरं असलेला पाच अक्षरी शब्द कुणाला सुचतोय का? ओढूनताणून नको, खेळ स्वीकारेल असा हवा.

आणि हार्ड मोडवाले काय करतात? तिथे हिरवी अक्षरं जागेवरून हलवताच येत नाहीत, म्हणजे ‘फिल्म्स’ बाद. नुसतं नशीबच का?